ओली प्रत

१

आमच्या खोलीत येणारी प्रत्येक वस्तू कुणीतरी प्रेमानं पाठवलेली असते. जपून ठेवलेली मात्र क्वचितच असते. जुन्या फ्लॉप्या, टेपची रिळं, कॅसेटा. त्यांच्यावर कुणाचं तरी गणित शिकवणारं सॉफ्टवेअर, कुणाचा पहिलावहिला खेळ, एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रं चालवणारा प्रोग्रॅम. या वस्तू मरायच्या आत त्यांची हुबेहूब प्रत काढून आजच्या काँप्युटरवर ठेवायची, हे माझं काम. ऐकताना ग्रंथालयातलं काहीतरी उच्च काम वाटतं. प्रत्यक्षात ते मोरीतल्या कामाच्या जास्त जवळचं आहे.

कारण फ्लॉपी आधी धुवावी लागते. वरचं काळं चौकोनी पाकीट एका कडेनं कापायचं, आतली पातळ तपकिरी चकती चिमटीत धरून बाहेर काढायची, कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून तिच्यावरची बुरशी हलक्या हातानं सोडवायची, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, वाळवायची, दुसऱ्या स्वच्छ पाकिटात सरकवायची आणि मग ड्राइव्हमध्ये घालायची. एकदा वाचायची. मग परत एकदा वाचायची. दोन्ही प्रती अक्षरन् अक्षर सारख्या आल्या तर चकती खरं बोलतेय. नाही आल्या तर पुन्हा मोरी.

या कामात मी टेपच्या रिळात वाळून चिकटलेली पाल पाहिली आहे, ड्राइव्हमध्ये झुरळांची अंडी पाहिली आहेत, उंदरांच्या मुतानं एकमेकींना चिकटलेल्या फ्लॉप्या उघड्या बोटांनी सुट्या केल्या आहेत, आणि लगेच डबा उघडून जेवायला बसले आहे. हात धुऊन, एवढं सांगते. मी आणि माझी थोरली बहीण, आम्ही दोघीच घरी असतो. ताई म्हणते, "तुला नाक दिलंय ते नुसतं चष्मा टेकवायला."

मला त्या बोलण्याचा अभिमान वाटायचा. किळस ही रिकामटेकड्या माणसांची चैन आहे, असं माझं मत होतं.

२

ते अनोळखी आजोबा आले ते आम्ही दार उघडायच्या आधीच. पायरीवर बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. शर्टाला कडक इस्त्री, दाढी गुळगुळीत, बूट नुकतेच पुसलेले. ऐंशीच्या पुढचं वय असावं, पण उठताना त्यांनी माझा हात घेतला नाही.

"फ्लॉप्या धुणाऱ्या बाई त्या तुम्हीच का?"

"मीच. काय आणलंय?"

त्यांनी पिशवीतून फ्लॉप्यांची चळत काढून टेबलावर ठेवली. दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल ठेवतात तशी. "यात आमची ही आहे."

"ही म्हणजे?"

"ही म्हणजे ही. आमची मंडळी. बायको हो." आणि हसले. "आमच्या वेळी नाव घेत नव्हते. आता घ्यावंसं वाटतं, तर ओ द्यायला ती नाही."

त्यांची हकिगत अशी. ते इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात होते, त्या काट्यांचे प्रोग्रॅम लिहायचे. बायकोच्या जिभेला गाठ झाली. डॉक्टर म्हणाले, जीभ काढावी लागेल. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत थोडे दिवस हातात होते. तेवढ्या दिवसांत यांनी तिला रोज माईकसमोर बसवलं आणि एकेक शब्द म्हणून घेतला. पाणी. ये. बस. दुखतंय. दार लाव. बरं वाटतंय. ते सगळे शब्द त्यांनी कापून, नीट करून या फ्लॉप्यांवर भरले आणि एक प्रोग्रॅम लिहिला: तिनं टाइप करायचं, यंत्रानं तिच्या आवाजात बोलायचं. पुढे ती दोन वर्षं जगली, तेवढी दोन वर्षं यंत्रच बोललं.

"आणि त्यानंतर फ्लॉप्या कुठे होत्या?"

"माळ्यावर. बाथरूमच्या वरच्या." त्यांनी ओशाळून माझ्याकडे पाहिलं. "मला एकदा ऐकायचंय, बस. माझ्या कानांची आता काय खात्री द्यायची?"

आतल्या टेबलावरून आमचे सर उठून आले. सर म्हणजे या खोलीचे प्रमुख, आणि ही खोली म्हणजे आम्ही दोघंच. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "आजोबा, घरी बसून बनवलेलं बोलणारं यंत्र म्हणजे चेष्टा नाही," ते म्हणाले. "ही करेल. हिच्या हातून काही सुटत नाही."

३

पहिल्या फ्लॉपीचं पाकीट कापलं आणि माझा हात थबकला.

फ्लॉपीवरची बुरशी मला ओळखीची आहे. ती कोरडी असते, पांढऱ्या धाग्यांची, फुंकर मारली तरी थोडी उडते. ही तशी नव्हती. चकतीवर एक जाडसर, ओलसर, पांढुरका थर होता, आणि त्यावर बारीक बारीक उंचवटे होते, एकसारखे, दाट. तापात माणसाच्या जिभेवर कीट चढतं, तसा. आणि वास कुबट नव्हता. सकाळी उठल्यावर कुणीतरी तोंडाजवळ येऊन बोलावं, तो वास.

मी खिडकी उघडली आणि कामाला लागले. थर सहज निघत नव्हता. बोटाखाली तो दबायचा आणि परत वर यायचा. शेवटी निघाला तो अखंड निघाला, एका पापुद्र्यात, आणि पाण्यात पसरून राहिला. ते पाणी ओतताना मी तोंड फिरवलं. माझं मलाच नवल वाटलं.

खाली चकती लख्ख होती. वाळवली, ड्राइव्हमध्ये घातली. काही नाही. खराब झालेली चकतीसुद्धा खरखर करते, अर्धीमुर्धी अक्षरं देते. ही कोरी होती. तिच्यावर कधी कुणी काही लिहिलंच नव्हतं, अशी कोरी.

"एक गेली," मी सरांना म्हणाले.

"दुसरी घे."

दुसरीवरही तोच थर. मी तिला पाण्यात बुडवणार, तेवढ्यात मनात आलं की धुतलेली तर कोरीच निघाली. हिला न धुता वाचून पाहावं. असं कधी करत नाहीत. वाचणारं हेड चकतीला टेकून फिरतं, त्यावर घाण बसली की चकतीही जाते आणि ड्राइव्हही. पण अडगळीत टाकायला काढलेला एक ड्राइव्ह होता. त्यात मी ती तशीच ओली चकती सरकवली आणि खटका खाली केला.

ड्राइव्हचा नेहमीचा आवाज टकटक असा असतो. हा आवाज मऊ होता. चपचप.

सगळी चकती वाचली गेली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चूक नाही. इतकी स्वच्छ फ्लॉपी मी नोकरी लागल्यापासून पाहिली नव्हती.

४

दुसऱ्यांदा वाचली, तेव्हा प्रत वेगळी आली. त्यातही चूक नव्हती. फक्त थोडी मोठी होती. तिसरी त्याहून मोठी.

"ड्राइव्ह मोडीतला आहे, तो काहीही सांगेल," सर म्हणाले.

मी चांगला ड्राइव्ह खराब करायची तयारी ठेवून त्यात घातली. तेच. फ्लॉपीवर जागा ठरलेली असते. भरलेल्या बादलीत आणखी पाणी मावत नाही. ही सामावून घेत होती. मी केबल बदलली, काँप्युटर बदलला, विजेचं बटण बदललं. डोकं चालत असेपर्यंत माणूस बटणंच बदलतो.

काढलेल्या प्रती आजच्या काँप्युटरवर लावून पाहिल्या. शब्दांच्या फायली दिसत होत्या, पण लावल्या की नुसती शांतता. कान देऊन ऐकलं तर शांतताही नव्हती. कुणीतरी नाकानं श्वास घेत होतं आणि तोंड मिटून होतं.

दोन दिवसांनी पहिली, धुतलेली चकती कपाटातून काढली. आमची कपाटं कोरडी असतात, दमटपणा शोषणाऱ्या पुड्या ठेवलेल्या असतात. चकती ओली होती. उंचवटे परत आले होते. ड्राइव्हमध्ये घातली तर तीही आता पूर्ण वाचली गेली.

मी सरांना दाखवायला नेली. सरांनी वास घेतला आणि रुमाल नाकाला लावला. "म्हातारबुवांना बोलाव," ते रुमालाआडून म्हणाले. "चालतंय तोवर ऐकवून टाकू."

५

त्या काळातला काँप्युटर आमच्याकडे चालू स्थितीत आहे. जाडजूड की-बोर्ड, हिरव्या अक्षरांचा पडदा. आजोबांनी खुर्ची पुढे ओढली, बोटं मोडली आणि 'पाणी' टाइप केलं.

ड्राइव्हनं चपचप केलं. मग स्पीकरमधून एक बाई म्हणाली, "पाणी."

आजोबांनी टेबलाची कड धरली. "हा 'ण' ऐकला? सगळ्या दुनियेत असा 'ण' कुणी म्हणत नाही. मी चिडवायचो तिला." डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू. मलाही भरून आलं. एवढ्यासाठीच तर हे सगळं करायचं.

त्यांनी 'ये' टाइप केलं, 'बस' टाइप केलं. बाई बोलत राहिली. पण दोन शब्दांच्या मध्ये आणखी काहीतरी ऐकू येत होतं. ओठ सुटल्याचा आवाज. टाळूला चिकटलेलं काहीतरी सोडवल्याचा आवाज. मग मोठा, सावकाश घोट.

"हे आवाज असेच घेतले होते?" मी विचारलं.

"छे. शब्दांच्या मधलं सगळं मी कापून टाकलं होतं. वजनकाट्याचा माणूस मी, फालतू ग्रॅमसुद्धा ठेवत नाही." पण त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ते ऐकत होते, मान किंचित वाकडी करून.

मग त्यांची बोटं की-बोर्डवरून उचललेली असताना, पडदा रिकामा असताना, बाई म्हणाली, "भूक."

मी वाकून स्पीकरची वायर तपासली.

"हा शब्द घेतला नव्हता," आजोबा हळूच म्हणाले. "खाण्याचा एकही शब्द घेतला नव्हता मी. पुढे सगळं नळीनं जाणार होतं. मग उगाच कशाला तिला आठवण द्यायची?"

सर म्हणाले की जुन्या फायलींचे तुकडे एकमेकांत मिसळून कधीकधी भलतेच शब्द तयार होतात. ते बरोबरच होतं. तसं होतं. मी स्वतः असं पाहिलं आहे. आम्ही दोघांनी एकमेकांना ते दोनदा समजावून सांगितलं.

६

त्यानंतर आजोबा रोज यायला लागले. दहाच्या सुमारास यायचे, दुपारी जायचे. मी काही बोलले नाही, कारण ते त्रास देत नव्हते. माझ्या पाठीमागे बसायचे आणि हळू आवाजात बोलायचे, आणि ती बोलायची. मी त्या आवाजाकडे पाठ करून काम करायला शिकले. डबा मात्र बाहेर पायरीवर बसून खायला लागले, मग अर्धा परत न्यायला लागले.

एके दिवशी मी फोन घ्यायला बाहेर गेले आणि परत आले, तर बाई बोलायची थांबली होती. आजोबांनी फ्लॉपी बाहेर काढली होती. दोन्ही हातांनी कडा धरून ती तोंडासमोर धरली होती. पाकिटाच्या लांबट फटीतून चकती उघडी दिसते, तिथून ते जीभ फिरवत होते. घाई नव्हती. लखोट्याची डिंक लावलेली कड ओली करतात तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आजोबा!"

त्यांनी जीभ आत घेतली. दचकले नाहीत. "कोरडी पडत होती," ते म्हणाले. "तुमच्या या काँप्युटरच्या गरमीनं हवा कोरडी होते ना. आवाज चिरकत होता तिचा."

"अहो, बुरशी आहे त्याच्यावर! पोटात गेली तर काय होईल, कल्पना आहे?"

"असू दे."

"असू दे काय? किळस नाही वाटत तुम्हाला?"

त्यांनी फ्लॉपी खाली ठेवली. शर्टाच्या बाहीनं हनुवटी पुसली. कडक इस्त्रीची बाही.

"तेव्हा वाटत होती," ते म्हणाले. "ऑपरेशननंतर तिच्या तोंडाला वास यायचा. लाळ गळायची, तिला आवरायची नाही. मी यंत्र खोलीच्या त्या टोकाला मांडलं आणि माझी खुर्ची या टोकाला. ती तिकडून टाइप करायची, मी इकडून उत्तर द्यायचो. शेजारपाजारचे म्हणायचे, नवरा असावा तर असा, बायकोसाठी यंत्र बनवलं." त्यांनी बाहीची ओली कड आत दुमडली. "ते मी माझ्यासाठी बनवलं होतं, पोरी. जवळ जावं लागू नये म्हणून. दोन वर्षं मी तिच्या जवळ गेलो नाही."

त्यांच्या पाठीवर हात ठेवावा, असं वाटलं. पण ओठांच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी लागलं होतं, आणि माझा हात पुढे झाला नाही.

७

"तू हल्ली झोपेत काय चघळतेस?" ताईनं सकाळी विचारलं.

"मी?"

"रात्रभर मच मच. हलवलं तर थांबतेस, मग परत सुरू. आणि घोट काय घेतेस मोठमोठे!"

मी बेसिनपाशी जाऊन आरशात जीभ पाहिली. थोडी पांढरी होती. ती कुणाचीही असते. मी ब्रशनं घासली. मग परत घासली, रक्त येईपर्यंत. ताई दारात उभी राहून बघत होती. "अगं, भांडं आहे का ते?" ती म्हणाली. हसत होती, पण जवळ आली नाही.

त्या दिवशी ऑफिसात आल्याबरोबर मी दुसरी कपाटं उघडली. शाळेसाठी बनवलेल्या भूमितीच्या प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या, कधीच धुऊन, वाचून, बंद करून ठेवलेल्या. सगळ्यात वरची काढली. पाकिटाच्या फटीतून ओलं चमकत होतं. खालचीही. त्यांच्या खालच्या डब्यातल्या टेपची कड मऊ झाली होती आणि बोटाला तार सुटत होती.

सरांचा चेहरा उतरला. या खोलीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं आहे; जगात दुसरीकडे कुठेही ज्याची प्रत नाही, असे कितीतरी प्रोग्रॅम त्या कपाटांत आहेत. त्यांनी भूमितीची चकती ड्राइव्हमध्ये घातली. मुक्या प्रोग्रॅमची चकती, तिच्यात एकही आवाज भरलेला नव्हता. स्पीकरमधून मोठा, सावकाश घोट ऐकू आला.

"म्हातारबुवांच्या सगळ्या फ्लॉप्या आज जाळायच्या," सर म्हणाले. "त्यांना बोलाव, सांग आणि जाळ. या क्रमानं. मी या कपाटांचं बघतो."

८

आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. भांडले नाहीत. "तुमचंही बरोबर आहे," एवढंच म्हणाले. "शेवटचं ऐकू का? एकटा बसून?"

नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांनी नवी दाढी केली होती, शर्ट नवा होता. मी त्यांना खोलीत सोडलं आणि दार लोटून बाहेरच्या बाकावर बसले. सर गल्लीतल्या दुकानात ब्लीच आणायला गेले होते.

आधी बाई बोलली. ओळखीचे शब्द, मग अनोळखी, मग खूपसे एकदम, आणि त्यांत की-बोर्डचा एकही आवाज नव्हता. तिला एवढं बोलता येत असेल असं मला वाटलं नव्हतं. शब्द कळत नव्हते. शब्दांच्या मधलं ओलं काय ते स्पष्ट ऐकू येत होतं. मग आजोबा म्हणाले, "ये. ये इकडे." आणि खुर्ची सरकली.

त्यानंतर बोलणं थांबलं. ऐकू येत होतं ते भरल्या तोंडाचं होतं. मी नखं तळहातात रुतवून बसले. कुणी चवीनं जेवत असेल, तर त्याच्याकडे बघू नये असं आपल्याला लहानपणी शिकवतात. पण आत जेवायला काही नव्हतं. शेवटी मी उठले आणि दार वीतभर उघडलं.

आजोबा खुर्चीतून पुढे झुकून ड्राइव्हला तोंड लावून बसले होते. खटका वर होता. फट उघडी होती. डोळे मिटलेले होते आणि गळ्याची घाटी खालीवर होत होती. त्यांचे ओठ आणि ती फट यांच्यामध्ये काहीतरी होतं: चपटं, फिकट गुलाबी, ओलं. ते सावकाश सरकत होतं. त्यांच्या तोंडातून ड्राइव्हमध्ये जात होतं की ड्राइव्हमधून त्यांच्या तोंडात येत होतं, ते मला सांगता येणार नाही. जीभच असेल, मी स्वतःला म्हणाले. माणसाच्या तोंडात दुसरं काय असणार?

मी दार लावलं आणि भिंतीला धरून ओकले. पोटात काही नव्हतं. नुसती लाळ आली, पुष्कळ, थांबेचना.

९

मी आत गेले तेव्हा आजोबा उभे होते. फ्लॉप्यांची चळत टेबलावर नीट रचलेली होती. मी एक उचलून फटीतून पाहिलं. चकती कोरडी, तपकिरी, नवी असल्यासारखी. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. कपाटातली भूमितीची फ्लॉपी काढली, तीही स्वच्छ. खोलीत स्पिरिटचा वास होता, दुसरा कुठलाच नव्हता.

"आजोबा? बरे आहात ना?"

त्यांनी मान हलवली. तोंड उघडलं नाही. गाल किंचित फुगलेले होते, घास तोंडात असताना कुणी बोलवावं तसे, आणि डोळे इतके निवांत, इतके सुखी, की माझी नजर ठरेना. त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या जगाकडे बोट दाखवलं.

मी हाताला लागला तो काचेचा ग्लास भरून दिला. त्यांनी दुसरा हात आडवा तोंडावर धरला, चारचौघांत कुणी दात कोरताना धरतं तसा, आणि त्याच्याआड जेमतेम घोटभर पाणी घेतलं. ग्लास ठेवला. हात जोडले. पिशवी रिकामीच घडी करून काखेत मारली आणि पायऱ्या उतरून गेले. सावकाश, एक हात पोटाशी धरून, जपून.

मी खुर्चीत बसले. ग्लास समोर होता. तो विसळून ठेवायचा होता आणि माझ्यानं त्याला हात लावला जात नव्हता. मग खिडकीतून त्याच्यावर ऊन पडलं आणि मला काठावरचा ओला ठसा दिसला. खालच्या ओठाचा, रुंद, म्हाताऱ्या माणसाचा. त्याच्या बरोबर आत, त्याच काठावर, आणखी एक ठसा होता. लहान, नाजूक, बाईच्या ओठाएवढा.

एकाच माणसानं दोनदा ओठ टेकवले की असे दोन ठसे उठतात, मी स्वतःला म्हणाले. पण त्यांनी एकदाच टेकवले होते. एकदाच टेकवलेल्या ओठाचे आत-बाहेर दोन ठसे उठतील कसे, हे मी माझ्याच ओठांवर बोट ठेवून पाहत होते, तेवढ्यात सर घामाघूम होऊन आत आले. ब्लीचचा कॅन खाली आपटला, चळतीकडे पाहिलं, एक फ्लॉपी उजेडात धरली.

"स्वच्छ? सगळ्या?"

मी मान हलवली.

"सुटलो." ते टेबलाला टेकले आणि मी "सर" म्हणेपर्यंत त्यांनी ग्लास उचलून तोंडाला लावला होता. ते तहानलेले होते. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, डोळे मिटून, आणि मग काठ एकदा चाटला, तो कशाला ते त्यांनाही कळलं नसावं.

"वा," सर म्हणाले. "आज पाणी काय गोड लागतंय गं." त्यांनी ग्लास माझ्यापुढे धरला. "अजून आहे?"